शेवटच्या रांगेतलं क्रियापद

मराठी वाक्याचा जीव त्याच्या शेवटात असतो. 'मी उद्या तुझ्याकडे येणार' इथवर ऐकणाऱ्याला काहीच कळलेलं नसतं. पुढे 'आहे' येतंय की 'नाही', त्यावर सगळं ठरतं. आणि आपली बोलायची सवय अशी, की वाक्य संपत आलं की छातीतली हवाही संपत येते, सूर खाली उतरतो आणि ते क्रियापद ओठांतल्या ओठांत विरून जातं. घरात हे चालतं, समोरचा माणूस हातभर अंतरावर असतो. नाट्यगृहात शेवटच्या रांगेतल्या माणसाला मात्र 'येणार' ऐकू येतं आणि 'नाही' ऐकू येत नाही. त्याच्यापुरतं नाटक तिथून भलत्याच वाटेला लागतं.

नटाच्या आयुष्यावर पुष्कळ लिहिलं जातं. त्यात भूमिका, पुरस्कार, वाद आणि आठवणी असतात. या क्रियापदाबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. डॉ. श्रीराम लागूंचा विचार करताना मात्र ते टाळता येत नाही, कारण हा माणूस नट व्हायच्या आधी कान, नाक, घशाचा शल्यविशारद होता. आवाज कुठून निघतो, कशाने बिघडतो आणि बिघडला की आत काय दिसतं, हे त्यांना पुस्तकातून आणि रुग्णांच्या घशातून, दोन्हीकडून ठाऊक होतं.

जन्म १६ नोव्हेंबर १९२७, सातारा. शिक्षण पुण्यात, भावे हायस्कूल, फर्ग्युसन आणि मग बी. जे. मेडिकल. कॉलेजातच नाटकाचा नाद लागला. पुढे भालबा केळकरांबरोबर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे पुण्याची पीडीए ही नाट्यसंस्था. परदेशात पुढचं प्रशिक्षण, पुण्यात व्यवसाय आणि काही वर्षं टांझानियातल्या टबोरा गावी डॉक्टरकी. १९६९ साली वसंत कानेटकरांच्या 'इथे ओशाळला मृत्यू'पासून ते पूर्णवेळ रंगभूमीवर आले. तेव्हा वयाची चाळिशी उलटली होती. चांगला चाललेला व्यवसाय सोडून पुढच्या महिन्यात किती प्रयोग लागतील याची खात्री नसलेल्या, 'नाईट'वर पैसे मिळणाऱ्या धंद्यात शिरायला हे वय उशिराचं. पण आवाजाच्या दृष्टीने ते उत्तम म्हणायला हवं. पुरुषाचा आवाज या वयात पूर्ण पिकलेला असतो आणि अजून सैल पडू लागलेला नसतो.

पुरुषाच्या स्वरतंतूंची लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर. साधं बोलताना ते सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा एकमेकांवर आपटतात. ११० धरले, तर सलग तासभराच्या बोलण्यात ही संख्या चार लाखांच्या घरात जाते. तीन अंकी नाटकात मध्यवर्ती भूमिका करणारा नट तासभर तरी बोलतोच, आणि शनिवार-रविवारी दुहेरी प्रयोग लागले की हिशेब आणखी वाढतो. तंतूंवरचं अस्तर ओलसर असेल तर ते हे सगळं सोसतं. कोरडं पडलं, किंवा नट प्रत्येक वाक्याची सुरुवात घशात धक्का देऊन करू लागला, की आपटण्याचा जोर एकाच जागी येतो. ती जागा तंतूच्या पुढच्या एक तृतीयांश भागाच्या शेवटी. तिथे आधी सूज येते, मग दोन्ही बाजूंना समोरासमोर बारीक गाठी धरतात. तंतू पूर्ण मिटेनासे होतात, मधून हवा निसटते आणि आवाज भरड होतो. नट घाबरून आणखी जोर लावतो. जोर लावला की गाठी वाढतात.

उपाय म्हणून विंगेत काय काय चालतं! मध, ज्येष्ठमध, खडीसाखर, गरम पाण्याचे घोट. हे घशाला बरं वाटायला ठीक आहे, पण गिळलेली कुठलीही वस्तू स्वरतंतूंना शिवत नाही. ती मागच्या अन्ननलिकेत जाते, आणि शिवलीच तर ठसका लागतो. तंतूंपर्यंत थेट पोचते ती वाफ. प्यायलेलं पाणी उपयोगी पडतं, पण अंगात भिनून, म्हणजे काही तासांनी. म्हणून प्रयोग रात्री साडेआठचा असेल तर पाणी दुपारपासून प्यायला हवं, पहिल्या अंकानंतर तांब्या तोंडाला लावून भागत नाही. सर्दीच्या गोळ्या नाकाबरोबर तंतूही कोरडे करतात. आवाज बसला की नट दिवसभर कुजबुजत बोलतो, त्यात बऱ्याच जणांचे तंतू उलट अधिक ताणले जातात. त्यापेक्षा गप्प बसणं चांगलं. ही सगळी साधी माहिती आहे, आणि तरी दर पिढीत चांगले आवाज याच चुकांनी वाया जातात, याचं वाईट वाटतं.

मग लांबवर ऐकू जायचं कसं? ओरडून तर नाहीच. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने उतरतो. एक मीटरवर ६० डेसिबल असलेलं साधं बोलणं सोळा मीटरवर ३६ डेसिबलला येतं. बंद सभागृहात भिंती आणि छत थोडी मदत करतात, पण तिथे खोकला असतो, पंखे असतात, खुर्च्यांची करकर असते. १९६८ साली उघडलेलं पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर घ्या. सुमारे हजार खुर्च्या, वर बाल्कनी. नवखा नट तिथे ओरडतो आणि गंमत अशी, की ओरडल्यावर तो कमी कळतो. ओरडल्याने 'आ', 'ओ', 'ए' हे स्वर फुगतात. त, ट, क, स, श ही व्यंजनं क्षणभराची आणि बारीक, ती होती तेवढीच राहतात, किंबहुना फुगलेल्या स्वरांखाली दबतात. बाल्कनीतल्या माणसाला मोठा आवाज ऐकू येतो, शब्द येत नाहीत.

जाणता नट उलटा जातो. जबडा सैल सोडतो, जीभ खालच्या दातांमागे निवांत ठेवतो आणि व्यंजनांना वेळ देतो. आवाज चेहऱ्याच्या पुढच्या भागात, वरच्या दातांच्या मुळांशी घुमतोय असं त्याला जाणवतं. तीन हजार हर्ट्झच्या आसपास, जिथे माणसाचा कान सगळ्यांत तल्लख असतो, तिथे आवाजाला धार येते आणि कमी जोरात तो लांब जातो. ठिकठिकाणी लावलेले माइक आले म्हणून हे काम सुटलं, असं समजू नये. माइक गिळलेलं क्रियापदही तितक्याच इमानाने गिळलेलंच पोचवतो, वर चपलांचा आवाज जोडून देतो. आणि नट मान वळवून बोलला की निम्मं वाक्य गायब.

मराठीचे स्वतःचे पेच आहेत. ख, घ, छ, झ, ठ, ढ, भ ही व्यंजनं उच्चारताना हवा जास्त खर्च होते. 'भडभडून', 'धगधगणारं', 'झपाटलेलं' अशा शब्दांनी भरलेलं वाक्य वाचताना छान वाटतं, बोलताना पाचव्या शब्दालाच छाती रिकामी होते. म्हणून नाटकाच्या वहीत श्वासाच्या खुणा पेन्सिलीने कराव्या लागतात. श्वास अर्थाच्या सांध्यावर घ्यायचा, आणि क्रियापदाच्या ऐन आधी सहसा घ्यायचा नाही, कारण तिथे थांबलं की कर्ता-कर्म एकीकडे आणि क्रिया दुसरीकडे पडते. छाती ठासून भरायचीही नाही. भरलेल्या छातीत हवा कोंडते आणि पहिल्या दोन शब्दांवरच फुटते. बरगड्या बाजूला उघडतील इतकीच हवा, आणि वाक्य संपल्यावर थोडी शिल्लक. ती शिल्लक क्रियापदासाठी.

लागूंची बोलण्याची पद्धत आठवून पाहा. वाक्य एका दमात सांगून टाकणारा हा नट नव्हता. ते वाक्याचे तुकडे करायचे, आणि ते तुकडे नेहमीच्या जागी पडायचे नाहीत. एखाद्या अव्ययानंतर थांबायचे, जणू पुढचा शब्द आता सापडतोय, आणि मग उरलेलं वाक्य पूर्ण किमतीसकट द्यायचे. त्या थांब्यात माणूस विचार करताना दिसायचा. आणि थांबल्यामुळे शेवटासाठी हवा उरायची. एका युक्तीत अभिनयही झाला आणि घसाही वाचला. काहींना ही शैली तुटक वाटली. मला ती मराठी वाक्याच्या रचनेशी सगळ्यांत प्रामाणिक वाटते.

याची परीक्षा झाली 'नटसम्राट'मध्ये. वि. वा. शिरवाडकरांचं नाटक, दि गोवा हिंदू असोसिएशनची निर्मिती, पुरुषोत्तम दारव्हेकरांचं दिग्दर्शन, पहिला प्रयोग २३ डिसेंबर १९७०. गणपतराव बेलवलकर हा निवृत्त नट म्हातारा आहे. लागू तेव्हा त्रेचाळीस वर्षांचे होते. समोर कावेरी म्हणून शांता जोग.

या भूमिकेतली खरी अडचण स्वगतांच्या लांबीत नाही. बेलवलकर हा स्वतः नट आहे. तो बायकोला 'सरकार' म्हणून हाक मारतो तेव्हा एक आवाज, आणि जुन्या भूमिका अंगात येतात तेव्हा दुसरा. भूमिका करणाऱ्याला दोन अभिनयशैली एकाच देहात ठेवाव्या लागतात, आजच्या घरातला म्हातारा आणि त्या म्हाताऱ्याच्या तरुणपणची भरदार, पल्लेदार रंगभूमी. दोन्हींत फरक पडला नाही तर नाटक सपाट होतं. घरगुती प्रसंगांतच भरदार आवाज लावून बसलं, तर स्वगताला चढायला जागाच उरत नाही. पुढे दत्ता भट, सतीश दुभाषी अशा मोठ्या नटांनी ही भूमिका केली आणि प्रत्येकाने ही चढण आपापल्या जागी ठेवली. एका आवाजावर ही भूमिका कुणालाच भागवता आलेली नाही.

आता म्हातारपणाचा अभिनय. हौशी नट पहिली गोष्ट करतो ती म्हणजे कंबरेतून वाकतो. वाकल्यावर पोट दाबलं जातं, श्वासपटलाला खाली उतरायला जागा राहत नाही, हवा छातीच्या वरच्या भागात अडकते आणि सगळा भार घशावर येतो. तिसऱ्या अंकापर्यंत आवाज गेलेला असतो आणि नट समजतो, आज सर्दी आहे. म्हातारपण कंबरेत ठेवूच नये, ते गुडघ्यांत आणि मानेत ठेवावं. गुडघे किंचित सैल, पाऊल आखूड, टाच उचलण्याआधी क्षणभर अंदाज. मागे पाहायचं तर एकटी मान वळत नाही, खांदेही बरोबर वळतात. खुर्चीवर बसताना आधी हात खुर्ची शोधतो, मग शरीर विश्वास ठेवतं. एवढं केलं की पाठ ताठ ठेवूनही माणूस सत्तरीचा दिसतो आणि फुप्फुसं मोकळी राहतात. आवाजात मुद्दाम कंप आणणं तर टाळावंच. म्हाताऱ्या माणसाचा दम आखूड होतो, त्यामुळे वाक्यं लहान तुकड्यांत येतात. तेवढा आखूडपणा दाखवला की कान बाकीचं वय स्वतः भरून घेतो.

तालमीतला पाठांतराचा टप्पाही इथेच सांगायला हवा. आधी वाचन, मग हालचाली बसवणं, मग वही खाली ठेवणं, मग सलग अंक, शेवटी रंगीत तालीम. हालचाली बसायच्या आत पाठांतर पक्कं करणारा नट पुढे फसतो, कारण शब्द पाय न हलवता पाठ झालेले असतात. प्रयोगात वाक्य विसरतं ते बहुतेक वेळा स्मरणशक्तीमुळे नाहीच. दोन प्रवेशांत समोरच्याचं वाक्य सारखं असतं, 'मग आता काय करायचं?' असलं काहीतरी, आणि नट पहिल्या अंकातून थेट तिसऱ्यात उडी मारतो. विंगेतला प्रॉम्प्टर हताश होऊन पानं उलटत राहतो. अशा जागा तालमीतच हेरून त्यांना वेगवेगळ्या हालचालींशी बांधायचं. पहिल्या वेळी चष्मा काढताना उत्तर, दुसऱ्या वेळी खिडकीशी. हाताला आठवतं, मग जिभेला आठवतं.

नाटक एवढं अंगात मुरल्यावर लागू कॅमेऱ्यापुढे उभे राहिले. १९७२ साली व्ही. शांतारामांचा 'पिंजरा' आला. आदर्श मास्तर तमाशाच्या फडात जाऊन पोचतो आणि शेवटी स्वतःच्याच खुनाबद्दल फासावर जातो. रंगभूमीवर हा उतार ओळीने उतरता येतो. चित्रीकरणात ओळ नसते, जागेनुसार, सेटनुसार, उजेडानुसार कामं लागतात. मोडून पडलेला मास्तर सकाळी आणि ताठ मास्तर दुपारी, असंही होऊ शकतं. म्हणून पडद्यावरच्या नटाला उताराचा नकाशा कागदावर लागतो. या दृश्याआधी काय घडलं, किती झोप झालीय, दम कितपत लागलाय.

त्या काळात फिल्मचा हिशेबही नटाच्या डोक्यावर असे. पस्तीस मिलिमीटरची फिल्म मिनिटाला नव्वद फूट पळते, चारशे फुटांचं रीळ साडेचार मिनिटांत संपतं. कच्ची फिल्म महाग, त्यामुळे टेक मोजके. रंगभूमीवरच्या नटाचं यात एक नुकसान होतं. त्याला गरम व्हायला वेळ लागतो, आणि कॅमेऱ्यापुढे पहिल्याच वाक्याला पूर्ण भट्टी लागते.

आणि अंतर. शेवटच्या रांगेसाठी घडवलेला चेहरा भिंगापासून मीटर-दोन मीटरवर आला की प्रत्येक गोष्ट जास्त होते. पंच्याऐंशी मिलिमीटरचं भिंग, दोन मीटर अंतर आणि भिंगाचं छिद्र एफ-दोनवर, म्हणजे बरंच मोठं उघडं असेल, तर स्पष्ट दिसणारा पट्टा पाच-सहा सेंटिमीटरचा. भावनेच्या भरात नट चार बोटं पुढे झुकला की डोळे अंधुक. रंगमंचावर झुकणं हा अभिनय होता, इथे तो टेक वाया घालवणारा दोष. समोरच्या नटाकडे पाहताना दोन डोळ्यांत ये-जा केली तर पडद्यावर नजर भिरभिरल्यासारखी दिसते. त्याच्या दोन डोळ्यांपैकी भिंगाजवळचा एक धरून ठेवायचा. पेला कुठल्या शब्दावर उचलला ते लक्षात ठेवायचं, नाहीतर संकलनाच्या जोडकामात तोच पेला एका कोनातून हातात आणि दुसऱ्या कोनातून टेबलावर दिसतो.

डबिंग हा वेगळाच छळ. आवाज करणाऱ्या कॅमेऱ्यावर चित्रीकरण व्हायचं आणि संवाद नंतर स्टुडिओत. फिल्मचा तुकडा टोकाला टोक जोडून पुन्हापुन्हा फिरवायचे आणि नटाने ओठ जुळवायचे. ओठ जुळतात, पण जिना चढून आलेल्या माणसाचा आवाज खुर्चीवर बसलेल्या माणसाचा येतो. चांगले नट माइकपुढे जागेवर पावलं मारतात, हाताने भिंत ढकलतात, मग बोलतात. श्वास खरा लागतो, त्याची नक्कल कानाला लगेच कळते.

लागूंचा पडदा कुठे सर्वांत भरला, असं विचारलं तर मी 'सामना' म्हणेन. जब्बार पटेलांचा पहिला चित्रपट, विजय तेंडुलकरांची पटकथा, १९७५ साली बर्लिन महोत्सवात गेलेला. एका बाजूला हिंदुराव धोंडे पाटील झालेले निळू फुले, दुसऱ्या बाजूला दारूडा, हरलेला मास्तर झालेले लागू. फुले लोकनाट्यातून आलेले, उघड्या मैदानातला, हजरजबाबी, प्रेक्षकाला हाताशी धरणारा अभिनय त्यांच्या अंगात. लागू दिवाणखान्याच्या आणि विचारनाट्याच्या रंगभूमीवरून आलेले. आणि पडद्यावर दोघेही आवाज खाली आणतात. पाटील हळू बोलून धाक घालतो, मास्तर हळू बोलून प्रश्न विचारत राहतो. नाट्यगृहात लांब फेकायला शिकलेले दोन आवाज मुद्दाम जवळ ठेवलेत, म्हणून त्यांतली ताकद जाणवते. ज्याला लांब फेकता येतं, त्याचंच हळू बोलणं पडद्यावर भरीव लागतं, असं माझं ठाम मत आहे. १९७९च्या 'सिंहासन'मधला अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे पाहा, तीच शिल्लक हवा तिथेही ऐकू येते.

हिंदीत त्यांनी शंभराहून अधिक चित्रपट केले. त्यांतले कितीतरी न्यायाधीश, डॉक्टर आणि नायिकेचे वडील विसरून जावेत असे आहेत. 'घरौंदा'तला मोदी विसरता येत नाही, त्यासाठी फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्याचा पुरस्कारही मिळाला. 'गांधी'मधले गोखले थोडाच वेळ दिसतात. पण त्या हिंदी कामांच्या जोडीला त्यांनी रंगभूमी सोडली नाही, आणि तीही सोप्या नाटकांची नव्हे. गो. पु. देशपांड्यांच्या 'उद्ध्वस्त धर्मशाळा'मध्ये एका प्राध्यापकाची चौकशी चालते. हालचालींना वाव कमी, बहुतेक नाटक प्रश्न आणि उत्तर. अशा नाटकात क्रियापद गिळलं की संपलं, कारण पाहायला दुसरं काही नसतं. सामाजिक कार्यकर्त्यांसाठीच्या कृतज्ञता निधीला पैसे उभे करायला त्यांनी सहकाऱ्यांबरोबर 'लग्नाची बेडी'चेही प्रयोग केले. तिथली कसरत निराळी. हशा शिगेला पोचून उतरू लागला, की त्या उतारावर पुढचं वाक्य टाकायचं. आधी टाकलं तर बुडतं, पूर्ण शांततेची वाट पाहिली तर प्रसंग थंड पडतो.

आपल्या आत्मचरित्राला त्यांनी 'लमाण' हे नाव दिलं. लमाण म्हणजे पाठीवर माल लादून एका ठिकाणचा दुसऱ्या ठिकाणी पोचवणारा. नटाकडे पाहायची त्यांची नजर ही अशी. माल लेखकाचा, वाट नटाची. आणि वाटेत मालातलं काही सांडलं, एखादं 'नाही', एखादं 'नव्हतं', तर पोचलेलं ओझं खोटं ठरतं.

१९९९ साली, सत्तरी ओलांडल्यावर, ते मकरंद साठे यांच्या 'सूर्य पाहिलेला माणूस'मध्ये सॉक्रेटिस झाले, दिग्दर्शन अतुल पेठे यांचं. सत्तरीत स्वरतंतू पातळ होतात, पुरुषाचा आवाज किंचित वर चढतो, फुप्फुसांची क्षमता घटलेली असते. आणि भूमिका मात्र अशा माणसाची, ज्याने आयुष्यभर बोलण्याखेरीज दुसरं काम केलं नाही. सॉक्रेटिसच्या अंगात विष कसं चढत गेलं ते प्लेटोने लिहून ठेवलंय. आधी पाय जड झाले, मग पोटऱ्या गार पडल्या, मग गारवा हळूहळू कमरेपर्यंत आला, आणि तरीही तो बोलत होता. नटाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की पायांचा आधार काढून घेतलेला आहे, कमरेचा काढून घेतलाय, उरलेल्या हवेवर अजून एक वाक्य पूर्ण करायचं आहे. क्रियापदासकट.